माळाला चालेल, मांडवाला चालेल

"दोन घ्या," सुराणाशेठ म्हणाले. "माझं ऐका, तोळणुरे. रानाची वेगळी घ्या, शहराची वेगळी घ्या. दोन्हीकडे चालणारी बॅग शोधायला जाल, तर ती कुठंच धड चालायची नाही."

"एकच पाहिजे," मी म्हणालो.

"अहो, धंदा वाढवायला सांगत नाहीये मी."

"एकच दाखवा, शेठ."

शेठनी माझ्या धाकट्या भावाकडे पाहिलं. चन्नवीर काउंटरच्या टोकाला उभा राहून एका बॅगेची चेन सावकाश ओढत होता आणि तिचा आवाज किती येतो ते कान लावून ऐकत होता. दोघांतला शहाणा कोण हे ओळखायला दुकानदाराला वेळ लागत नाही.

"तुम्ही तरी सांगा मोठ्या भावाला."

"अण्णा म्हणतो तेच," चन्नू म्हणाला. "एकच द्या."

मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर ते 'एकच' त्याच्या तोंडून ऐकायलाच मी त्याला सकाळच्या गाडीनं सोलापूरहून पुण्याला आणलं होतं.

आमचा फोटो स्टुडिओ सोलापुरात, बाळीवेसेच्या बाजूला. अप्पांनी काढलेला. अप्पा गेले तेव्हा चन्नू शाळेत होता. त्याला लग्नात फ्लॅशची छत्री धरायला मीच शिकवलं, मग उजेड बघायला शिकवलं, आणि शेवटी कॅमेरा हातात दिला. तो दिला आणि पंचाईत झाली, कारण घरात कॅमेरा एक आणि त्याला धनी दोन. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो आणि मयत ही माझी कामं. कामं नसतील तेव्हा कॅमेरा चन्नूचा. तो मोटरसायकलला किक मारायचा आणि माळावर जायचा, लांडग्यांचे फोटो काढायला. आमच्याकडं गावाबाहेर पडलं की नजर पोचेल तिथवर बोडका माळ आहे, आणि त्यात लांडगा राहतो हे निम्म्या सोलापूरला ठाऊक नाही. मला एकदा घेऊन गेला होता. "अण्णा, तो बघ," म्हणाला. मी म्हटलं, "गवत आहे बे ते." पुष्कळ वेळानं ते गवत उठून चालायला लागलं तेव्हा मला पटलं.

आमच्या जुन्या बॅगेनं असे दोन संसार केले. माळावरून आली की तिच्या कापडात कुसळं रुतलेली असायची, आणि भर मांडवात नवरीच्या मामीसमोर ती मी वेचत बसायचो. "फोटोवाले, कडबा कापून आलात का?" असं एका बाईनं मला विचारलेलं आहे. उलट चन्नूनं माळावर बॅग उघडली की आतून अक्षता सांडायच्या. "लांडग्यांची लग्नं लावतोस काय?" असं मी त्याला चिडवायचो. त्यावरून आमचं कधी वाकडं आलं नाही.

मार्गशीर्षात आमची अव्वा, म्हणजे आई, गेली. त्यानंतर चन्नू माळावर गेला नाही. विचारलं की म्हणायचा, "बॅग फाटलीय अण्णा, आत धूळ जाते." ते खोटं नव्हतं. बॅगेची चेन केव्हाच गेली होती आणि तळ उसवला होता. तशात कच्छातून फोन आला. तिकडच्या गवताळ रानात लांडग्यांचा अभ्यास करणाऱ्या काही मंडळींना माणूस पाहिजे होता. राहणं तिकडंच, कॅमेरा त्यांचा. चन्नू त्यांना "विचार करून सांगतो" म्हणाला आणि विचार करत बसला.

मला ते नको होतं. अव्वा गेल्यावर घर तसंच खायला उठत होतं. आता हाही गेला असता तर मी, माझी बायको महानंदा आणि पासपोर्टच्या फोटोमागचा पांढरा पडदा, एवढेच आम्ही उरणार होतो. मी माझ्या डोक्यानं विचार केला. बॅग फाटली म्हणून माळ सुटला. माळ सुटला म्हणून कच्छ डोक्यात शिरलं. तेव्हा चांगली बॅग आणावी, माळाला चालेल आणि मांडवाला चालेल अशी, म्हणजे गाडी पुन्हा रुळावर येईल. महानंदाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बॅगेनं माणूस राहतंय होय?" मी म्हटलं, "तू बघच."

तर असे आम्ही सुराणाशेठच्या दुकानात उभे होतो. कॅमेरा, लेन्सा, फ्लॅश, सगळं सामान अव्वाच्या जुन्या इरकलीच्या तुकड्यांत गुंडाळून भाजीच्या पिशवीतून नेलं होतं. शेठचा नियम चांगला होता, बॅग रिकामी बघायची नाही, आपलं सामान तिच्यात भरून बघायची.

पहिली काढली ती नारिंगी रंगाची, पाठीवर घ्यायची.

"रंग नको," चन्नू म्हणाला.

"अहो, डोंगरात धुकं आलं, वाट चुकलात, तर लांबून दिसता."

"मला दिसायचंच नसतंय, शेठ."

दुसरी खांद्याला लावायची, काळी, चामड्याची किनार असलेली. मला ती आवडलीही असती, पण तिच्यावर कॅमेरा कंपनीचं नाव पाटीएवढं मोठं होतं. लग्नात बॅग कोपऱ्यात ठेवून मी सगळीकडं पळत असतो. असलं नाव घातलेली बॅग म्हणजे चोराला अक्षत देऊन बोलावण्यासारखं. ती शेठनी परत टांगली आणि तिसरी काढली. तिच्या झाकणाची पट्टी त्यांनी ओढली आणि ती चर्रर्र करून सुटली.

"नको," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

शेठ चकित झाले. "काय झालं?"

"लांडगा शंभर पावलांवरनं ऐकतोय हे," चन्नू म्हणाला.

"आणि तुम्ही? नवरी पळून जाते काय?" शेठनी मला विचारलं.

मग मी त्यांना सांगितलं. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की त्याला आंघोळ घालतात, भस्म लावतात आणि बसवतात. समाधीलाही बसवूनच नेतात. निघायच्या आधी घरची माणसं त्याच्या दोन्ही बाजूंना बसतात आणि शेवटचा फोटो होतो. त्या फोटोसाठी आमच्या स्टुडिओला सोलापुरात मान आहे, कारण आम्ही कुणाला सांगत नाही की इकडं बघा, तिकडं बघा. एकदा अशाच एका घरी गेलो, भजन चालू होतं, आणि मी पट्टीची बॅग ओढली. भजन थांबलं. गेलेल्या म्हाताऱ्याची सून घाबरून सासऱ्याचं धोतर बघायला लागली, फाटलं की काय म्हणून.

शेठ पोट धरून हसले. मीही हसलो. चन्नू हसला नाही. तो उठून मागच्या फळीवरच्या बॅगा बघायला गेला, आणि मला वाटलं, ही गोष्ट त्यानं शंभरदा ऐकलीय, म्हणून.

तिथून तो जी घेऊन आला तीच आमची बॅग होती, हे मला बघताक्षणी कळलं. मातकट रंगाची. बाहेर कसलं नाव नाही. कॉलेजातल्या पोराच्या पाठीवर असते तशी दिसायला, त्यामुळं शहरात कुणी ढुंकून बघणार नाही. कापड गुळगुळीत, कुसळ धरणार नाही असं. चेन बारीक आणि मुकी. आणि खरी मजा म्हणजे तिला कुशीतून उघडायचं एक दार होतं. एका खांद्यावरून बॅग पुढं ओढायची, दार उघडायचं, लेन्स बदलायची आणि बॅग परत पाठीवर. मंगलाष्टकांच्या गर्दीत खाली बसायला जागा नसते, तिथं हे म्हणजे चैनच.

"हिला घेऊन पालथा पडून बघ की," मी चन्नूला म्हणालो. माळावर तो पोटावर सरपटत जातो. "पट्टे टोचतात का बघ."

"चालंल ती. त्यात काय बघायचंय."

"बघ रे. शेठ जागा करून देतील."

"करतो की," शेठ स्टूल सरकवत म्हणाले.

"नको," चन्नू म्हणाला. "तू घालून बघ अण्णा. इकडं ये."

त्यानं बॅग माझ्या पाठीवर चढवली. पट्टे सैल केले, घट्ट केले, मला दुकानात इकडून तिकडं चालायला लावलं. कमरेचा पट्टा माझ्या पोटावर बसेना, तो शेवटच्या टोकापर्यंत सोडला. "महानंदावैनीला सांग, भाकरी एक कमी वाढा म्हणून," म्हणाला. छातीवरची कडी लावून दिली. मग माझ्यासमोर उभा राहून, लहानपणी तो शाळेत जाताना मी त्याच्याकडं बघायचो तसं त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी खुशीत होतो. पोरगं किती काळजी घेतंय असं मला वाटलं. पट्टे एकदाही त्यानं स्वतःच्या मापाला लावून पाहिले नाहीत, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

अडलं ते लांब लेन्सशी. चन्नूनं जुनी घेतलेली, लांडग्यासाठीची लेन्स. दंडाएवढी लांब. शेठनी आतले कप्पे इकडंतिकडं करून पाहिले, पण झाकण मिटेना.

"हिचीच मोठी बहीण आहे," ते म्हणाले. "तिच्यात आरामात बसेल. थोडी अवजड होते, एवढंच." आणि त्यांनी ती आणून शेजारी ठेवली.

"ही लहानच द्या," चन्नू म्हणाला. "लांब लेन्सला जागा नको."

मी त्याच्याकडं बघितलं. "मग माळावर काय नेणार?"

"तुला मांडवात मोठी बॅग आडवी येईल."

"मी माझं विचारलो नाही."

शेठनी फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेलं काउंटर पुसायला लागले.

"मोठी द्या," मी म्हणालो.

"अण्णा, लहान घे. तुझं सगळं मावतंय तिच्यात."

"मोठी द्या, शेठ."

मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. दोन्ही एकदम आलं की मी हट्टी होतो. शेठनी मोठी बांधायला घेतली. मी म्हटलं, बांधू नका, भरूनच नेतो. आणि तिथंच सगळं सामान तिच्यात भरलं, लांब लेन्ससुद्धा माझ्या हातानं उभी बसवली. चन्नू अव्वाच्या लुगड्याचे तुकडे गोळा करून घड्या घालत बसला होता.

दुपारच्या गाडीत खिडकीपाशी समोरासमोर जागा मिळाल्या. बॅग माझ्या मांडीवर होती. दौंड गेल्यावर चहावाला आला, आम्ही चहा घेतला. शेवटी चन्नूच म्हणाला,

"एवढी मोठी कशाला घेतलास? रिकामी जागा घेऊन फिरणार तू."

"रिकामी कुठाय? तुझी लेन्स आहे की."

"मी नको म्हणलो होतो."

"मग राहू दे रिकामी. जागा असली की पुढंमागं काय पण बसवता येतंय."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. उसाची शेतं चालली होती.

"मी माळावर जात नाही ते बॅगेमुळं नाही, अण्णा."

"मग?"

"अव्वा गेली त्या सकाळी मी काय करत होतो, तुला ठाऊक आहे?"

कुठं होता ते मला ठाऊक होतं. माळावर होता, आदल्या दिवसापासून, कॅमेरा घेऊन. अव्वा सकाळी लिंगपूजा करून उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात बसली ती बसलीच. चन्नूला फोन लागेना, माळावर तेव्हा लागत नसे. चुलतभाऊ इरण्णाला मोटरसायकलवर पाठवलं. तो हिंडून हिंडून परत आला, सापडत नाही म्हणाला. वडीलधारे थांबले, जितकं थांबता येईल तितकं थांबले. मग स्वामी म्हणाले, आता निघायला पाहिजे. चन्नू आला तेव्हा आम्ही रुद्रभूमीत होतो आणि माती लोटून झाली होती. कॅमेरा त्याच्या गळ्यात होता. अव्वाचं तोंड त्याला दिसलं नाही.

"पिल्लांचे फोटो काढत होतो," चन्नू म्हणाला. "लांडगी उन्हात पडली होती. पिल्लं तिच्या अंगावर लोळत होती, कान ओढत होती. असं परत दिसायचं नाही असं दिसत होतं. आणि इरण्णानं मारलेल्या हाका मला ऐकू आल्या."

मी मांडीवरची बॅग जवळ ओढली.

"लांबनं आल्या. माझंच नाव होतं. वाटलं, आला असंल असाच, नाहीतर मोटरसायकल बंद पडली असंल. ओ दिली असती तर लांडगी पिल्लं घेऊन उठून गेली असती. म्हणून मी गप्प पडून राहिलो."

हे मला माहीत नव्हतं. इरण्णालाही माहीत नव्हतं. इतके दिवस तो हे एकट्यानं सांभाळत होता, आणि मी त्याला बॅगेबद्दल विचारत होतो.

"तुला काय माहीत होतं, कशाला हाक मारतोय ते," मी म्हणालो.

"नव्हतं माहीत."

"मग?"

"मग काय. तू म्हणतोस तेच मी पण मला सांगतो. रोज सांगतो." त्यानं चहाचा कागदी कप चुरगाळला. "आणि घरात पाय टाकला की समोर तो फोटो."

अव्वाचा शेवटचा फोटो आमच्या माजघरात लावलेला आहे. कॅमेरा माळावर होता, म्हणून पलीकडच्या गल्लीतल्या गड्डम फोटोवाल्याला बोलवावं लागलं. भेटायला येणारे लोक हळहळायचे, फोटोग्राफरच्या घरात फोटो मात्र दुसऱ्याचा.

"लोक बोलतात ते मनावर घेऊ नको," मी म्हणालो.

"लोकांचं सोड. गड्डमला फ्रेमच कळत नाही, अण्णा. अव्वाच्या उजव्या बाजूला केवढं मोकळं सोडलाय. तू, वैनी, मामा, सगळे एका अंगाला गोळा झालात, आणि त्या अंगाला ती एकटी पडलीय. मी असतो तर तशी काढली नसती. रोज बघतो आणि रोज त्याच्यावर चिडतो."

"त्याची चूक नाही ती."

"मग कुणाची?"

"तो ओरडत होता, सरका, ती बाजू मोकळी सोडू नका म्हणून. मामा सरकायला लागले. मी त्यांचा हात धरून खाली बसवलं."

"कशाला?"

"ती तुझी जागा आहे, चन्नू."

स्टुडिओत कॉम्प्युटर आल्यापासून आमच्या धंद्यात हे रोजचंच आहे. कुणाचा मुलगा दुबईला असतो, कुणाचा फौजेत असतो, कुणाचा जावई रुसून लग्नाला आलेला नसतो. घरचे नंतर दुसरा फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, आमच्या ह्याला ह्यात बसवा. बसवता येतं, अगदी मांडीला मांडी लावून बसवता येतं, फक्त काढताना तेवढी जागा सोडलेली असावी लागते. त्या दिवशी अव्वाच्या शेजारी बसताना माझ्या डोक्यात बाकी काही नव्हतं. रडूही येत नव्हतं. चन्नूपुरती जागा सोडायची, एवढंच होतं. आणि चन्नूनं माझ्याशेजारी बसून असे कितीतरी लोक बसवले होते. पण आपल्या घरच्या फोटोत त्याला ती जागा दिसली नाही, फ्रेम चुकलेली दिसली.

"मला सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला.

"तुला कळलं असंल वाटलं. तुला गवतात बसलेला लांडगा दिसतो."

"मग बसवलं का नाहीस मला?"

"बसलो होतो एकदा कॉम्प्युटरपुढं. तुझे सगळे फोटो उघडून बघितले. सगळ्यांत हसलालास."

तो हसला, आणि त्या हसण्यातूनच त्याला रडू फुटलं. पलीकडची बाई बघायला लागली तेव्हा त्यानं तोंड खिडकीकडं केलं. मी त्याचा हात धरला. आम्ही दोघे भाऊ हात धरणाऱ्यांतले नाही, पण धरला. कुर्डुवाडीला गाडी थांबली, लोक चढले, उतरले.

"काल संध्याकाळी मी कच्छाला हो म्हणून कळवलं," तो म्हणाला.

"काल?"

"आज तुझ्याबरोबर आलो ते तुला चांगली बॅग बघून द्यावी म्हणून. तू कसली पण उचलून आणला असतास."

"फिरव की शब्द. माणसं शब्द फिरवतात."

त्यानं मान हलवली.

"राहा बे," मी म्हणालो. मला ते नीट मागताही आलं नाही. "अव्वा नाही, आणि तू पण नाहीस. मी काय करू त्या घरात?"

"काल कळलं असतं तर..." एवढंच म्हणून तो थांबला. पुढं तो काय म्हणणार होता ते मी विचारलं नाही, आणि आजतागायत विचारलेलं नाही.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. चन्नू कच्छात रमला. तिकडच्या भाषेत फोनवर कुणाशी भांडायला लागला की मला त्यातलं काही कळत नाही. सणाला येतो, चार दिवस राहतो, माझ्या पोराला खांद्यावर घेऊन बाजार फिरवतो. आमचं भांडण नाही, वाटणी नाही. लोकांना वाटतं, भाऊ नोकरीला लांब गेला, त्यात काय एवढं. बरोबरच आहे त्यांचं.

पण जायच्या दिवशीचं सांगायचं राहिलं.

पुण्याहून आल्यावर चार दिवस हातात होते. त्या चार दिवसांत दुपारी स्टुडिओ रिकामा असेल तेव्हा मी ते काम केलं. चन्नूचा एक फोटो सापडला, अप्पांच्या पहिल्या पुण्यतिथीचा, त्यात तो हसत नव्हता. तोंड मात्र पोरसवदा होतं. ते मी थोडं थोडं करून वाढवलं. गड्डमच्या फोटोतला उजेड डावीकडून होता, तसाच चन्नूच्या गालावर आणला. त्याची सावली भिंतीवर पाडली. खांदा अव्वाच्या पदराला जरासा टेकवला, कारण तो असता तर टेकूनच बसला असता. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलेलं नाही. कुणा परक्याला दाखवलं असतं तर त्यानं शपथेवर सांगितलं असतं की हा पोरगा तिथं होता.

रिक्षा दारात आली, महानंदा दही घेऊन उभी होती, तेव्हा मी त्याला आत बोलावलं आणि कॉम्प्युटर त्याच्याकडं फिरवला. माझ्या मनात अजून आशा होती. फोटो बघेल, घरात आपली जागा आहे हे बघेल, आणि पिशव्या खाली ठेवील.

तो खुर्चीवर बसला आणि बघत राहिला. अव्वाकडं बघत होता की स्वतःकडं, ते मला कळलं नाही.

"छान बसवलास," तो म्हणाला.

"छापून लावू? आहे तिथला काढून?"

बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. चन्नू उठला. माझ्या पाया पडला, आणि वाकलेला असतानाच म्हणाला, "नको अण्णा. काढून टाक मला. मी नव्हतो तिथं."

"असू दे की रे. कुणाला कळतंय."

"तिला कळतंय," तो म्हणाला. आणि तो तिथंच उभा राहिला, मी काढतोय का ते बघत.

मी माउस हातात घेतला आणि माझ्या भावाला अव्वाच्या शेजारून उठवलं.